उरलेलं हाड

बोईसरला कुणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते. पालघर जिल्ह्याचं नाव काढलं की आमच्या पुण्यातल्या मैत्रिणींना केळव्याचा समुद्र नाहीतर डहाणूचे चिकू आठवतात, आणि मी परत आल्यावर त्यांनी आधी चिकूंचीच चौकशी केली. चिकू आणले नव्हते. तीन दिवस तिकडे होते, त्यातला मोलाचा वेळ सालवडच्या चाळीतल्या एका खोलीत गेला. तिथे काय झालं ते लिहून ठेवते आहे, कारण तोंडी सांगताना मी माझ्या वाटणीचा भाग गाळते असं माझ्याच लक्षात आलं.

आधी माझं काम सांगायला हवं. मी एका संशोधन संस्थेत हाडाच्या पेशी वाढवते. साध्या प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, पण काही प्लॅस्टिकं अशी बनवता येतात की त्यांतून ती जाते. त्यांचा केसाहून पातळ, काळा पापुद्रा आम्ही काचेच्या चकतीवर चढवतो. त्यावर माणसाच्या हाडातून काढलेल्या पेशी सोडतो आणि पापुद्र्यातून अगदी क्षीण प्रवाह देतो. चालताना आपलं हाड किंचित वाकतं तेव्हा त्यात बारीकशी वीज निर्माण होते, आणि नवं हाड घालायचा इशारा पेशींना मिळतो त्यात तिचाही वाटा असतो. आमचा पापुद्रा तोच इशारा बाहेरून देतो. जमलं तर पेशी त्याला धरून बसतात, पसरतात, आणि काही आठवड्यांनी चुन्याचे कण घालू लागतात. मोडलेलं हाड काही केल्या जुळत नाही अशा माणसांसाठी कधीतरी यातून काही निघेल, अशी आशा आहे.

पेशी येतात ऑपरेशनमध्ये उरलेल्या हाडातून. आम्हाला नाव कळत नाही, नुसता नंबर. बाकी सगळ्यांच्या पेशी आमच्या पापुद्र्यावरून सुटून यायच्या. सात नंबरच्या मात्र अशा रुजल्या की गेली दोन वर्षं आमचं सगळं काम त्यांच्यावरच चाललं होतं. मग संस्थेच्या नीतिसमितीने कागद तपासले. सात नंबरच्या संमतीपत्रावर तिच्या नवऱ्याची सही होती. बाई सज्ञान, शुद्धीवर असताना तिला विचारता आलं असतं. कुणी विचारलं नव्हतं. समितीने लिहिलं, तिची स्वतःची संमती आणा, नाहीतर पेशी नष्ट करा. मुंबईच्या रुग्णालयातल्या समाजसेविकेने तिला फोन लावला, तेव्हा ती "येऊ द्या" एवढंच म्हणाली. तेव्हा मला सात नंबरचं नाव कळलं. सुरेखा. वय चौतीस. राहणार सालवड, बोईसर.

पालघर, सोमवार

पालघरला पोहोचले तेव्हा दुपार उलटली होती. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, पण हवा घामट. स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि गावातून एक चक्कर मारली. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झाल्यापासून इथे सगळी कचेऱ्यांची वर्दळ. टायपिंगच्या टेबलांभोवती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद धरून माणसं उभी होती, त्यात डोंगरातून आलेली पुष्कळ. त्यांच्या पायातल्या चपला आणि त्यांचं गप्प उभं राहणं पाहून ती सकाळपासून उभी असावीत असं वाटलं. माझ्याही पिशवीत एक कागदच होता. मी तो चार वेळा काढून पाहिला.

पूर्वेकडच्या डोंगरांवर जागोजाग धूर दिसत होता. पावसाळ्यात रोपं टाकायची ती जमीन आधी पाला-गोवऱ्या पसरून भाजतात, त्याला राब भाजणं म्हणतात. आम्ही कराडकडची माणसं. आमच्याकडे जमीन नांगरतात, भाजत नाहीत. संध्याकाळी तो धूर खाली उतरून गावावर बसला आणि दिवे पिवळट दिसू लागले.

खानावळीत तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण घेतलं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती पांढरी, मऊ भाकरी पोळीसारखी वाटली. दोन झाल्या तरी पोट भरेना. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठं जायचं तुमाला?"

"सालवड."

"सालवडला काय हाय बघायला?"

"एका बाईंना भेटायचंय."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि न विचारता तिसरी भाकरी टाकून गेल्या.

पाम आणि सालवड, मंगळवार

बोईसरला उतरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. आमच्या प्रयोगशाळेत बाटलीचं बूच उघडायच्या आधी मी खिडकी उघडते आणि हातमोजे चढवते. इथे तसलेच वास रस्त्यावर मोकळे फिरत होते आणि त्यांतून माणसं भाजी घेऊन चालली होती. रिक्षावाला हिंदी, मागे बसलेले दोघे हिंदी, दुकानांवरच्या पाट्या मराठी.

पत्त्यात "पाम रोड, सालवड" असं होतं. रिक्षावाल्याने पहिला शब्द ऐकला आणि मला थेट पाम गावात नेऊन सोडलं. गाव शांत होतं. ताडाची झाडं, कापलेल्या भातशेतीचे वाळके खुंट, आणि झाडांच्या वर कारखान्यांच्या चिमण्या. एक म्हातारी दारात वाल निवडत होती. तिला विचारलं तर हसली. "सालवड मागं रायलं. तुमाला लई लांब आनलं त्यानं." मग मी उन्हात परत चालत निघाले. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. फरफटत, पाऊल ओढत मी सालवडच्या चाळीत शिरले, तेव्हा दारात कुबडी टेकून एक बाई उभी होती. तिने माझ्या पायाकडे पाहिलं.

"तुमाला पन लागलं?"

"नाही, चप्पल तुटली."

"मग बरं हाय," ती म्हणाली. तीच सुरेखा.

खोली लहान. मध्ये साडीचा पडदा, त्यामागे रात्रपाळी करून आलेला तिचा नवरा देवराम झोपलेला. त्यामुळे आम्ही दबक्या आवाजात बोललो. तिची सासू विक्रमगडकडच्या पाड्यावरून हिच्या मदतीला येऊन राहिली होती. म्हातारी मला सरळ "बस बाय, तू कुठली?" म्हणाली. आमच्याकडे अनोळखी बाईला कुणी असं एकेरी बोलावलं तर भांडण होईल. त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात हे मला नंतर कळलं. ऐकायला मात्र तेव्हाही बरं वाटलं.

सुरेखाने सगळं थोडक्यात सांगितलं. ती औषधांच्या पॅकिंगच्या कामावर होती. सुट्टी झाल्यावर फाटकातून बाहेर पडताना मागे येणाऱ्या टेम्पोने तिला भिंतीशी दाबलं. मांडीचं हाड मोडलं. इथे सळई घातली, जुळलं नाही. मग मुंबईला कमरेचं हाड काढून मांडीत भरलं, तेही जुळलं नाही. आता कमरही दुखते.

मी संमतीपत्र पुढे केलं. अशा वेळी माणसं सही कुठे करायची ते विचारतात. सुरेखाने कागद मांडीवर घेतला, चष्मा मागवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी सातवीपर्यंत शिकलेली हाय. वाचते मी."

ती हळूहळू, ओठ हलवत वाचत गेली. तिसऱ्या परिच्छेदावर बोट थांबलं.

"'शस्त्रक्रियेनंतर उरलेले हाड.' उरलेलं मंजे?"

"तुमच्या कमरेच्या हाडाचे तुकडे काढले आणि मांडीत भरले. जे जास्तीचे झाले ते आमच्याकडे आले."

"किती?"

"बोटाच्या पेरापेक्षा कमी."

"मांडीत भरायला कमी नाय पडलं?"

"डॉक्टरांनी पुरेसं भरलं होतं."

"तुमी होता तिथं?"

"नव्हते."

"मग तुमाला कसं मायती?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले की डॉक्टर गरजेपुरतं हाड आधी भरतात, उरलं तरच बाजूला ठेवतात. हे खरं आहे. पण त्या दिवशी त्या टेबलावर काय झालं ते मला ठाऊक नव्हतं, आणि तोवर मी ते कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

मग मी मोबाइलवर फोटो दाखवले. सूक्ष्मदर्शकाखालचा काळा पापुद्रा, त्यावर लांबट पसरलेल्या पेशी, आणि पुढच्या फोटोत रंग दिल्यावर लालभडक दिसणारे चुन्याचे पुंजके. ती बराच वेळ पाहत राहिली. सासूलाही दाखवलं.

"हे माजं?"

"तुमचंच."

"ह्ये वाढतंय?"

"हो. चांगलं वाढतंय. इतर कुणाचं एवढं वाढलं नाही."

तिचा चेहरा उजळला. तिने हात आपल्या मांडीवर ठेवला आणि मान वर केली. "मग ह्ये माज्या पायात घालता येल?"

याचं उत्तर नाही असं होतं. आम्ही अजून उंदराच्याही हाडात ते घातलं नव्हतं. माणसापर्यंत पोहोचायला किती वर्षं लागतील, पोहोचेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. आणि पोहोचलं तरी सुरेखाच्या मांडीपर्यंत नक्कीच नाही. मी म्हणाले, "आत्ता नाही. पण त्यासाठीच तर हे काम चाललंय. पुढे काय होईल, काही सांगता येत नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ती तशीच निवडली होती.

पडद्यामागून देवराम उठून आला. तो जागा होता. "मंजे व्हईल बरी?" त्याने विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत," मी म्हणाले.

सुरेखाने कागद घडी करून उशाखाली ठेवला. "आज वाचते सगळा. उद्या या, सही करते." सासूने माझी तुटलेली चप्पल मागून घेतली, दाभण-दोऱ्याने अंगठा शिवून दिला आणि मी दारातून निघाले तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवला.

लॉजवर जाऊन बसवेना म्हणून मी रिक्षाने किनाऱ्याकडे गेले. ओहोटी लागली होती. पाणी पार लांब, आणि मधे काळपट चिखल. किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून. दोन कोळणी ते उलटवत होत्या. एकीने मला विचारलं की सुके घेणार का, मी नको म्हटलं. पुण्याला फोन करून विभागप्रमुखांना सांगितलं की काम झाल्यासारखंच आहे. ते खूश झाले. मला नुसतं थकल्यासारखं वाटत होतं.

सालवड, बुधवार

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापासूनच लोक माझ्याकडे बघत होते. सुरेखाच्या दारात तिच्या शेजारची भाभी उभी होती, बिहारची. तिने माझे दोन्ही हात धरले.

"मैडम, इसका पैर ठीक हो जाएगा ना? तीन साल से ऐसे ही देख रहे हैं।"

मी हात सोडवून आत गेले. खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. देवराम रात्रपाळीहून आला होता आणि झोपला नव्हता; धुतलेला शर्ट घालून बसला होता. सुरेखाने केसांत अबोलीचा गजरा माळला होता. आणि सासूने पहाटेपासून रांधलं होतं: नागलीच्या भाकऱ्या, उडदाची घट्ट डाळ, कांदा घालून परतलेली सुकट. नागली ती पाड्यावरून येताना घेऊन आली होती.

"आदी जेव," ती म्हणाली. "तू माज्या सुनेला चालती करनार. जेव."

मी ताटावर बसले. भाकरी काळसर, जरा गोडूस, आमच्या नाचणीच्या भाकरीपेक्षा जाड. सुकटीचा खमंग वास खोलीभर होता. मी दोन घास खाल्ले. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि म्हातारी तिसरी भाकरी थापत होती. खाऊन झाल्यावर सांगावं असं मनात आलं, मग वाटलं की यांचं जेवून मग सांगणं जास्त वाईट.

"सुरेखाताई," मी म्हणाले, "काल मी तुम्हाला नीट सांगितलं नाही."

तिने कुबडी भिंतीला टेकवली.

"हे तुमच्या पायात घालता येणार नाही. आत्ता नाही आणि नंतरही नाही. आम्ही अजून फार सुरुवातीला आहोत. यातून कुणाचा पाय कधी बरा झालाच, तर तो बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कुणाचा. तुमच्या पायाचं जे होईल ते डॉक्टरांकडेच होईल. हे मला काल ठाऊक होतं."

भाभीला सगळं कळलं नसावं, पण ती बाजूला सरकली. देवराम उठून उभा राहिला.

"काल का नाय सांगितलं?"

"सही मिळावी म्हणून."

त्याने चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. म्हातारीला माझं शहरी बोलणं समजलं नव्हतं. सुरेखाने तिला आपल्या बोलीत दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारीने तव्यावरची भाकरी उलटली, भाजू दिली, आणि माझ्या ताटात वाढली.

"जेव. ताटात टाकू नको."

मी ती भाकरी संपवली. इतकं कठीण जेवण मी आयुष्यात जेवले नाही.

हात धुऊन आले तेव्हा सुरेखा कागद उघडून बसली होती. तिने गजरा काढून बाजूला ठेवला होता.

"ह्या कागदावर शेवटी दोन चौकोन हायेत. हो आनि नाही."

"हो."

"मागच्या वेळी मला कुनी विचारलंच नाय. यांच्याकडनं कागदांवर सह्या घेतल्या, यांना पन मायती नाय कशाच्या. आता तुमी एवढ्या लांबून विचारायला आल्या. विचारलं तर नाय म्हनता येतं ना? का नुसतं विचारायचं असतं?"

"नाही म्हणता येतं," मी म्हणाले.

"मी नाय म्हटलं तर काय करनार?"

"पेशी नष्ट करू. सगळ्या."

"आनि तुमचं काम?"

"बंद पडेल. पुन्हा पहिल्यापासून."

इथे मी पुन्हा एकदा प्रयत्न केला, तेही लिहायला हवं. मी म्हणाले की तुमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत, त्यांतल्या कुणाला तरी उद्या उपयोग होईल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"व्हावा. मी कुनाचं वाईट नाय चिंतत," ती म्हणाली. "पन काल तुमी गेल्यावर मी ते फोटोच आठवत रायले. माजं हाड तिकडं काचेवर वाढतंय आनि हितं माज्या अंगात वाढत नाय. मला ते सोसत नाय मॅडम. कुनाचं चांगलं व्हनार असलं तरी नाय सोसत. ह्ये चुकीचं असल तर असू दे."

तिने पेन घेतलं, "नाही"च्या चौकोनात खूण केली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं, वळणदार, प्रत्येक शब्दावर सरळ रेघ. साक्षीदार म्हणून भाभीने हिंदीत सही केली.

मी निघाले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. रस्त्याने डबे हातात घेतलेल्या बायकांचे घोळके चालले होते. दोघीतिघींनी दाराकडे बघून हात केला, "सुरेखा, कशी हायस?" तिनेही हात केला. देवराम रस्त्याच्या पलीकडे एका पानटपरीशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "रिक्षा तिकडनं मिळेल," आणि बोटाने जागा दाखवली.

पुणे

विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. "जरा समजावून सांगितलं असतंस तर?"

"समजावलं होतं सर. तिथेच चुकलं."

नियमाप्रमाणे पेशी नष्ट करायचं काम कुणीही करू शकलं असतं, पण ते मीच करायचं ठरवलं. गोठवलेल्या कुप्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून काढल्या, वितळू दिल्या. उबवणीयंत्रातल्या चकत्या काढल्या. त्यांवरच्या पेशी जिवंत होत्या, नुकत्याच चुना घालू लागल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिल्या आणि ब्लीचच्या पाण्यात सोडल्या. फार वेळ लागत नाही. काळे पापुद्रे काचेवरून सुटून पाण्यात तरंगायला लागले. मग सगळं वाफेच्या भट्टीत घातलं, नोंदवहीत लिहिलं, आणि हात धुतले.

समाजसेविकेने सुरेखाला विचारून तिचा नंबर दिला होता. संध्याकाळी मी फोन लावला.

"झालं सुरेखाताई. सगळं काढून टाकलं."

"सगळं?"

"सगळं. मी स्वतः केलं."

"मला वाटलं, तुमी नाय करनार," ती म्हणाली. "तसंच ठेवून द्याल, आनि फोटो दाखवत रहाल दुसऱ्या कुनाला."

"कागदावर तुम्ही लिहिलं होतं ना."

"हां. बरं झालं सांगितलं."

"पाय कसा आहे?"

"हाय तसाच. ठेवते मॅडम, पानी आलंय."

फोन बंद झाला. एका हातात कुबडी असताना ती भरलेला हंडा कसा उचलते, ते दोन दिवस तिच्या घरात बसून मी तिला विचारलं नव्हतं.